मेगाटँक (अ‍ॅडव्हान्स वॉर्स)

मेगाटँक : ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ या पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या मालिकेतील सर्वांत जड आणि सर्वांत महाग भूदल-घटक. इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी कंपनीने तयार केलेल्या आणि २००५ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी आलेल्या ‘ड्युअल स्ट्राइक’ या खेळात तो प्रथम अवतरला. त्याची किंमत २८,०००, चाल दिवसाला (म्हणजे खेळाच्या एका फेरीत) नकाशावरची चार घरे, इंधन ५०, मुख्य तोफेचे गोळे तीन आणि धुक्यात, म्हणजे शत्रू लपलेला राहतो अशा खेळप्रकारात, नजर एका घरापुरती. समोरासमोरच्या झुंजीत जमिनीवरचा दुसरा कोणताही घटक त्याच्यापुढे टिकत नाही. तरीही विकत घेण्याची वस्तू म्हणून पाहिले, तर तो या मालिकेतील सर्वांत फसवा सौदा ठरतो. हा विरोधाभास समजण्यासाठी त्याच्या तोफेपेक्षा खेळातील पैशाचा हिशेब आधी पाहावा लागतो.

या मालिकेत ताब्यातील प्रत्येक शहर व प्रत्येक कारखाना दर दिवशी १,००० इतका निधी देतो आणि त्या निधीतून सैन्य उभे राहते. पायदळाची तुकडी १,००० ला, तोफगाडी ६,००० ला, साधा रणगाडा ७,००० ला, मीडियम टँक १६,००० ला आणि निओटँक २२,००० ला मिळतो. अशी वीस ठाणी (शहरे व कारखाने) हाती असलेल्या खेळाडूलाही एका मेगाटँकसाठी जवळजवळ दीड दिवसाच्या उत्पन्नाची वाट पाहावी लागते, आणि त्याच पैशात नेमके चार साधे रणगाडे येतात. या चार रणगाड्यांनी मेगाटँकवर थेट चढाई केली तर ते एकामागून एक मातीत जातील यात शंका नाही, कारण साध्या रणगाड्याचा त्याच्यावरील मारा अवघा १० टक्के आहे, म्हणजे एका हल्ल्यात त्याच्या पूर्ण बळाचा तेवढाच भाग जातो, आणि उलट मार एकदाच बसला तरी रणगाडा संपतो. पण त्यांनी त्याच्याशी लढावे असा काही नियम नाही. ते चार दिशांना जाऊन चार ठाण्यांवरची पायदळे हुसकावू शकतात, आणि मेगाटँक एका वेळी एकाच ठिकाणी असतो.

माऱ्याचे आकडे पाहिले की ही उधळपट्टी आणखी स्पष्ट होते. आडोसा नसलेल्या रस्त्यावरच्या साध्या रणगाड्यावर मीडियम टँकचा मारा ८५ टक्के, निओटँकचा १०५ टक्के आणि मेगाटँकचा तब्बल १८० टक्के आहे. शत्रूचे बळ मात्र शंभर टक्क्यांपलीकडे असतच नाही. म्हणजे वरचे ऐंशी टक्के हवेत जातात आणि त्यांचे पैसे मात्र खेळाडूने मोजलेले असतात. हे जादा बळ अगदीच वाया जाते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. शहराच्या आडोशाला उभ्या असलेल्या धडधाकट रणगाड्यावरचा मारा तीस टक्क्यांनी घटतो. तेथे मीडियम टँकचा मारा साठच्या आसपास, निओटँकचा सत्तरच्या थोडा वर राहतो, पण मेगाटँकचा १२६ भरतो आणि रणगाडा एका फटक्यात उडतो. शिवाय अर्धे बळ गमावलेला मेगाटँकदेखील उघड्यावरच्या रणगाड्यावर ९० टक्क्यांचा मारा करतो, म्हणजे ताज्या दमाच्या मीडियम टँकपेक्षा जास्तच. चिलखताच्या बाबतीतही तो खरोखर वेगळ्या जातीचा आहे : बॉम्बर विमानाचा एक हल्ला मीडियम टँकचे ९५ टक्के आणि निओटँकचे ९० टक्के बळ काढून घेतो, मेगाटँकचे केवळ ३५, तोफगाडीचा गोळा तर त्याला १५ टक्क्यांचाच ओरखडा काढतो.

असा घटक अडवायचा कसा, याचे उत्तर खेळातील सर्वांत स्वस्त वस्तूत आहे. नदीवरच्या एका घराच्या रुंदीच्या पुलाची कल्पना करावी. नदी ओलांडणे साखळीवर चालणाऱ्या वाहनाला जमत नाही, तेव्हा पूल हाच मार्ग. पुलाच्या तोंडाशी प्रतिस्पर्धी पायदळाची एक तुकडी उभी करतो. मेगाटँक शेजारच्या घरात येतो, मशीनगन चालवतो, तुकडी गारद होते आणि त्याचा दिवस संपतो. हल्ला केल्यावर पुढे सरकण्याची मुभा नसते. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत मागची तुकडी त्याच रिकाम्या घरात येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. रोज १,००० चा शत्रू मारणाऱ्या या यंत्राला स्वतःची किंमत वसूल करायला अठ्ठावीस दिवस लागतील, आणि तोवर बाकीच्या नकाशावर खेळाचा निकाल लागलेला असतो. प्याद्यांनी हत्तीची वाट रोखून धरावी तसा हा प्रकार आहे, फक्त येथे प्यादी रोज नवी मिळतात.

त्यात चाल मंद. साधा रणगाडा व निओटँक दिवसाला सहा घरे जातात, मीडियम टँक पाच, मेगाटँक चार. जंगलाचे एक घर दोन घरांइतके मोजले जाते आणि डोंगर तर वर्ज्यच. कारखान्यापासून आघाडी वीस घरांवर असेल, तर सपाटीवरूनही त्याला पोहोचायला पाच दिवस लागतात, आणि एवढा मोठा घटक येताना दिसला की प्रतिस्पर्धी आपली महागडी वाहने त्याच्या टप्प्यातून शांतपणे बाजूला काढतो. तोफेत गोळे तीनच असल्याने तीन झुंजींनंतर हाती फक्त मशीनगन उरते, जी पायदळाला पुरी पडते पण चिलखतापुढे जवळपास निकामी असते. उलट मार करतानाही गोळा खर्च होतो, हे नवखा खेळाडू हमखास विसरतो. म्हणून मागोमाग ५,००० ची रसदगाडी ठेवणे ओघानेच येते. दुरुस्तीही किंमतीच्या प्रमाणात असते : शहरात एक दिवस थांबून दहापैकी दोन अंश बळ भरून घ्यायला ५,६०० लागतात, म्हणजे जवळपास एका तोफगाडीचे पैसे.

मेगाटँक घेणे शहाणपणाचे ठरते ते पैसा जागेपेक्षा जास्त झाल्यावर. एका कारखान्यातून दिवसाला एकच घटक बाहेर पडतो. ठाणी पुष्कळ आणि कारखाने दोन-तीनच असतील, तर निधी साचत जातो आणि स्वस्त घटकांनी तो संपत नाही. अशा नकाशावर संख्या वाढवता येत नसल्याने वजन वाढवणे भाग पडते. नकाशा लहान आणि आघाडी अरुंद असेल, तर मंद चालीचा तोटाही कमी जाणवतो. सेनापतीच्या निवडीनेही गणित हलते. सर्व घटक वीस टक्के स्वस्तात घेणाऱ्या कॉलिन या सेनापतीला मेगाटँक २२,४०० ला पडतो, म्हणजे इतरांच्या निओटँकच्या भावात, पण त्याच्या सैन्याचा मारा काहीसा कमी असतो. वीस टक्के जास्त मोजणाऱ्या कांबेईला तो ३३,६०० ला पडतो, आणि आधीच मजबूत असलेल्या त्याच्या सैन्यात ही खरेदी सहसा अनाठायी ठरते. हाची या सेनापतीची विशेष शक्ती चालू असलेल्या दिवशी किंमती निम्म्यावर येतात आणि मेगाटँक १४,००० ला मिळतो. त्या भावात मात्र त्याला नावे ठेवायला जागा उरत नाही. मेगाटँकविरुद्ध मेगाटँक अशी गाठ पडली, तर ६५ टक्क्यांचा पहिला घाव घालणाराच बहुधा जिंकतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पाच घरांच्या टप्प्याबाहेर ताटकळण्याचा कंटाळवाणा प्रसंगही उद्भवतो.

रणगाड्यांच्या किमतीची ही शिडी प्रत्येक भागात एकेक पायरीने वर चढली होती. २००१ च्या पहिल्या ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’मध्ये मीडियम टँक हाच सर्वांत वरचा होता, २००३ च्या दुसऱ्या भागात निओटँक आला आणि त्यावर मेगाटँक. २००८ मध्ये आलेल्या ‘डेज ऑफ रुइन’ने, ज्याचे युरोपातील नाव ‘डार्क कॉन्फ्लिक्ट’ असे आहे, निओटँक आणि मेगाटँक दोन्ही काढून टाकले, मीडियम टँक १२,००० वर आणला आणि सर्वांत जड घटक म्हणून वॉर टँक १६,००० ला दिला. सर्वांत वरचा रणगाडा २८,००० वरून १६,००० वर उतरला, तेव्हा तो रोजच्या खेळात खरोखर परवडू लागला. २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी आलेल्या नव्या आवृत्तीत मालिकेचे पहिले दोनच भाग असल्यामुळे तेथे शिडी पुन्हा निओटँकपाशी संपते.