पेंचच्या केबिनवर मुक्कामाला येता? निंघायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

बुकिंग झालं का लोकं पहिले विचारतात "काय काय आणू?", अन् आम्ही म्हणतो सामानाचं नंतर पाहू, आधी नागपुरातून किती वाजता निंघता ते सांगा. पेंचचं जंगल म्हणजे जवळच, 70 किलोमीटरच्या आसपास, दीड-दोन तासाचं काम, असं धरून लोकं शनिवारचं ऑफिस करतात, पोट्ट्यांची ट्युशन आटपतात, मंग बर्फ-कोल्ड्रिंक घेत घेत सहाला कामठी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात अन् इथं उतरतात नऊ-साडेनऊला. तेव्हा ना जंगल दिसत, ना बाथरूम कुठं आहे ते समजत, जेवले की झोप अन् सकाळी चहा झाला की चेकआउट. पैसे तेवढेच लागले, पाहिलं काहीच नाही.

म्हणून आमचं एकच म्हणणं आहे, दिवस बुडायच्या आत या. डिसेंबरमध्ये इकडे साडेपाचलाच सूर्य जाते, म्हणजे दुपारी दोनच्या आत नागपूर सोडलेलं बरं. मे महिन्यात पावणेसातपर्यंत उजेड राहते पण तेव्हा दुपारी गाडीत भाजून निंघाल, चारला निंघा अन् डोक्याला दुपट्टा बांधूनच. जमत नसल तर सरळ दोन रात्रींचं बुकिंग करा, पहिली रात्र उशिरा झाली तरी दुसरा दिवस पूर्ण हाती राहते.

रस्ता सोपा आहे. कामठी, कन्हान, मनसर. मनसरहून उजवीकडे रामटेक, तिकडे नाही वळायचं, सरळ देवलापारच्या दिशेनं यायचं अन् पवनीहून डावीकडे सिल्लारीच्या रस्त्याला लागायचं. गुगल मॅप कधी कधी शॉर्टकट म्हणून वावरातल्या पांदण रस्त्यानं पाठवते, त्याच्या नादी लागू नका, पावसाळ्यात तर गाडी फसलीच समजा. मोठ्या हायवेला जंगलाच्या पट्ट्यात जनावरांना जायला रस्त्याखालून मार्ग ठेवले आहेत, आतल्या रस्त्याला तसं काही नाही, चितळ म्हणा रानडुक्कर म्हणा संध्याकाळी एकदम आडवं येते अन् लाईटच्या उजेडात तिथंच उभं राहते. स्पीड 40 च्या खाली ठेवा. पेट्रोल अन् कॅश मनसरपर्यंतच पाहून घ्या, आत आल्यावर नेटवर्क येते-जाते, ऑनलाईन पेमेंटच्या भरोशावर राहू नका.

कधी यायचं?

सगळ्यांना वाघ पाहायचा असते, त्यात काही चूक नाही, पण सफारीचं बुकिंग वनविभागाच्या वेबसाईटवर वेगळं करावं लागते, ते आमच्या हातात नाही. एका जिप्सीत सहा जण बसतात अन् बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच ओरिजिनल सोबत लागते. गेट आठवड्यातून एक दिवस बंद राहते, तर आधी सफारीची तारीख पक्की करा अन् मंग आमच्याकडे खोली ठेवा, उलटं करू नका. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर म्हणजे आतलं मुख्य जंगल बंदच राहते. पावसाळ्यात हिरवंगार पाहायला खुशाल या, पण वाघाचं नाव काढू नका.

आम्हाला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अन् त्यातही अमावस्येच्या आसपासचे दिवस. जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे इथं रात्री अंधार अजून खरा अंधार आहे. जेवण झालं की आम्ही आंगणातले बल्ब बंद करतो, दहा-पंधरा मिनिटं मोबाईल खिशात ठेवा म्हणजे डोळे सरावतात, मंग मृग, रोहिणी, कृत्तिका सगळं आपसूक दिसते. आकाशगंगेचा दाट पट्टा पाहायचा असल तर तो एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर. पौर्णिमेचं बुकिंग करून "तारे कुठं आहेत भाऊ" म्हणाल तर आम्ही काय करणार!

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी शेकोटीचा हट्ट धरू नका. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा जंगलात आगीचा सीझन धरतात, पानगळ झालेली असते, मोहफुलं वेचायला लोकं झाडाखाली पाला जाळतात त्यानंही आग लागते अन् एका बिडीच्या थोटकानं पण लागते. या दिवसात फक्त आमची बंदिस्त चूल पेटते, बाकी काही नाही. हिवाळ्यात शेकोटी देतो, लाकूड आम्हीच देतो, जंगलातून काडी उचलायची नाही.

साप-इचूबद्दल

लोकं वाघाला भेतात अन् मण्यारचा विचारच करत नाहीत. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावली तर बरेचदा दुखत पण नाही, झोपेत समजतच नाही. म्हणून चार जणांच्या केबिनमध्ये सात जण आले तर आम्ही खाली गाद्या टाकून देत नाही, राग मानू नका. पलंगावर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, जोडे सकाळी झटकून घाला, रात्री बाथरूमला जाताना टॉर्च घ्या. काही झालंच तर कापाकापी नाही, करकचून बांधणं नाही, मांत्रिक तर नाहीच, हातपाय न हलवता बसवा, आम्हाला उठवा, 108 ला फोन अन् सरळ सरकारी दवाखाना.

ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतात लोळू नका. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली होती, ते गवतातल्या बारीक किड्यानं होते. फुल पँट घाला, अन् घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसात ताप आला तर डॉक्टरला सांगा की जंगलात गेलो होतो, एवढ्यानं इलाज लवकर होते.

अंधार पडल्यावर कुंपणाच्या बाहेर नाही. कुत्रा आणू नका, बिबट्याचं ते आवडतं खाणं आहे. धरणात पोहणं नाही म्हणजे नाही, तुमच्या नागपूरच्या नळाला येते ते पाणी याच पेंचचं, घरीच आंघोळ करा राजेहो! वानरांना खायला देऊ नका, रामटेकच्या गडावर हातातला प्रसाद कसा हिसकावतात ते पाहिलंच असल.

जेवण

मॅगी सगळे आणतात. आणा. पण एक वेळ रोडगे खाऊन पाहा. जाडसर दळलेली कणीक, पदर पाडून केलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मंग गरम राखेत दाबून ठेवायचे अन् पुसून तुपात, सोबत वरण अन् वांग्याची भाजी. याला घाई चालत नाही, आर पडायलाच तास जाते, म्हणून पाचच्या आत पोहोचणाऱ्यांनाच देतो. उशिरा येणाऱ्यांना पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा अन् भाकर, ते पण काही वाईट नाही. सावजी पाहिजे असल तर तिखट किती ते खरं खरं सांगा.

चादरी, मच्छरदाणी, प्यायचं पाणी आमच्याकडे आहे. गरम पाणी सकाळी बंबावर, गिझर नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर एक पंखा अन् एक बल्ब चालते, एसी नाही. हिवाळ्यात एक जाड स्वेटर जास्तीचं ठेवा, शहरापेक्षा इथं थंडी चांगलीच लागते. रोजच्या गोळ्या मोजून आणा, मेडिकल जवळ नाही. प्लास्टिक जे आणाल ते परत न्या.

बुकिंगच्या वेळी व्हॉट्सॲपवर माणसं किती, लहान मुलं किती, कोणती गाडी अन् नागपुरातून निंघायची वेळ एवढं पाठवा, अर्धा ॲडव्हान्स. कोंबडा पाहिजे असल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, तो गावातून आणावा लागते.