जुन्या मोटारसायकलींच्या टूल किटमधील पाने : ओळख आणि कालनिश्चिती

नव्या मोटारसायकलीबरोबर कारखान्याकडून मिळणाऱ्या हत्यारांच्या संचातील सुटा पाना कोणत्या देशातला, कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी केलेला आणि साधारण कोणत्या काळातला आहे, हे ठरविण्याच्या अभ्यासाचा जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराशी निकटचा संबंध आहे. मोटारसायकल कारखाने हे पाने सहसा स्वतः बनवीत नसत. ते हत्यारांच्या कंपन्यांकडून घेत आणि पुरवठादार बदलतही असत. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन अस्सल संचांत वेगवेगळ्या छापाचे पाने सापडू शकतात, आणि पान्यावर गाडीचे नाव नाही एवढ्यावरून तो परका ठरत नाही. पान्यावरची प्रत्येक खूण बहुधा ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगते. अशा अनेक खुणा एकत्र ठेवल्या म्हणजे काळाची चौकट आवळत जाते.

नावापेक्षा जबड्याचे माप अधिक विश्वसनीय असते, म्हणून तपासणीची सुरुवात तेथून करावी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांच्या पद्धतीवर आधारलेल्या ब्रिटिश पान्यांवर जबड्याची रुंदी लिहिलेली नसते, तर तो ज्या बोल्टासाठी आहे त्या बोल्टाचा व्यास लिहिलेला असतो. म्हणूनच पाव इंची व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात ०.५२५ इंच भरतो. १९०८ मध्ये आलेल्या बारीक आट्यांच्या ब्रिटिश मानकातील बोल्टांचे माथे पुढे एका मापाने लहान ठरविले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात धातू वाचविण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टांनाही तेच लहान माथे लागू झाले. एकाच जबड्यावर ‘१/४ डब्ल्यू’ (व्हिटवर्थ) आणि ‘५/१६ बीएस’ (बारीक आट्यांचे ब्रिटिश मानक) अशा दोन खुणा दिसतात त्या यामुळे, आणि युद्धोत्तर पान्यांवर ही दुहेरी खूण सर्रास आढळते. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये एकीकृत, म्हणजे तिन्ही देशांत सारखे, आटे मान्य केले, तरी ब्रिटिश मोटारसायकल उद्योगात त्यांचा पूर्ण प्रसार १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत लांबला. अशा बोल्टांच्या पान्यांवर ‘एएफ’ ही अक्षरे असतात आणि समोरासमोरच्या दोन कडांमधील खरे अंतर इंचात दिलेले असते.

मेट्रिक पान्यांवर जबड्याचीच रुंदी मिलिमीटरमध्ये असते, पण तेथेही देशभेद लपत नाही. ८ आणि १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांना जर्मन मानकात दीर्घकाळ अनुक्रमे १३ आणि १७ मिलिमीटरचे पाने लागत, तर जपानी लहान माथ्याच्या मालिकेत १२ आणि १४ चे लागतात. १२-१४ असा दुतोंडी पाना म्हणूनच जपानी संचाकडे बोट दाखवितो. मात्र केवळ १७ किंवा १९ या मापावरून असा निष्कर्ष काढू नये.

अक्षरांची साक्ष यानंतर घ्यावी. जर्मन पान्यांवरील ‘डीआरजीएम’ ही उपयुक्त नमुन्याच्या (पेटंटहून लहान हक्काच्या) नोंदणीची खूण १८९१ नंतरची आणि दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपूर्वीच्या व्यवस्थेतली आहे. ‘वेस्ट जर्मनी’ हा उल्लेख १९४९ ते १९९० या काळाशी जुळतो, पण नुसते ‘जर्मनी’ लिहिलेला पाना या काळाबाहेरचाच असेल असे नाही. अमेरिकी पान्यांवर आधी पेटंटची तारीख छापत. १९२७ च्या कायद्याने तारखेच्या जागी क्रमांक आला. दहा लाखावे पेटंट १९११ मध्ये आणि वीस लाखावे १९३५ मध्ये दिले गेले, हे लक्षात ठेवले की क्रमांकावरून काळाची खालची मर्यादा लगेच कळते. पेटंटनंतर तोच पाना अनेक वर्षे निघत राहू शकतो, हे विसरल्याने पान्यांना फाजील वय चिकटते. ब्रिटिश लष्करी पान्यांवरील रुंद बाणाची खूण आणि तिच्याजवळचे वर्ष हा त्यामानाने सर्वांत नेमका पुरावा होय, पण ते वर्ष पान्याचे असते, गाडीचे नव्हे.

उत्पादकांपैकी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅबिंग्डन कंपनीचा ‘किंग डिक’ हा छाप ब्रिटिश संचांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. ही कंपनी एके काळी स्वतः मोटारसायकलीही बनवीत असे. बीएमडब्ल्यूच्या संचांत ‘हेको’ आणि जपानी संचांत ‘कोवा’ ही नावे वारंवार भेटतात.

विशिष्ट कामाचे पाने गाडीच्या यंत्रणेविषयी बोलतात. १८ मिलिमीटर आट्यांच्या जुन्या स्पार्क प्लगसाठी १ इंची किंवा त्याच्या जवळपासचा प्लग पाना लागे, १४ मिलिमीटरच्या प्लगला १३/१६ इंची आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १८ मिलिमीटरचा पुरतो. फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) जोडलेला चिमुकला पाना मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या, पॉइंटांचे अंतर लावण्यासाठी असे. तो संचात असणे हा प्रज्वलनपद्धतीचा चांगला पुरावा आहे. आकडीच्या टोकाचा पाना सायलेन्सरच्या नळीची खाचेदार रिंग किंवा मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताण फिरविण्यासाठी असतो.

मुलाम्यावर फार भिस्त ठेवू नये. निकेल जुना, क्रोमचा प्रसार १९२० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा, हा क्रम खरा असला तरी मुलामा पुन्हा चढविता येतो. पॉलिशने बोथटलेल्या अक्षरांच्या कडा आणि खड्ड्यांवरून गेलेली चमक त्याची चुगली करतात. घडीव पान्याच्या कडेवर साच्याबाहेर आलेला धातू छाटल्याची रुंद पट्टी दिसते, ओतीव पान्यावर बारीक उभार रेघ असते, तर पत्र्यातून कापलेला पाना सर्वत्र एकाच जाडीचा असतो. नवी नक्कल पुष्कळदा येथेच उघडी पडते, कारण तिच्यावर छाप हुबेहूब असला तरी घडणीची पद्धत मूळची नसते.

जबडा मोजताना कॅलिपर तोंडाशी न धरता आत, मुळाजवळ धरावा, कारण वापराने तोंड फाकते आणि माप एका पायरीने चुकू शकते. मिळालेले माप, लांबी आणि छाप त्या मॉडेलच्या त्याच वर्षाच्या सुट्या भागांच्या सूचीशी ताडून पाहावे. सूचीत पान्याचा भागक्रमांक आणि अनेकदा चित्र असते, पण पुरवठादाराचे नाव बहुधा नसते, म्हणून छापाची खात्री केवळ मूळ मालकाकडून न विस्कटता आलेल्या संचांशी तुलना करूनच होते.