जॅझचं पोस्टर म्हणजे अक्षरं वाकडी? नाही.

जळगाव-धुळ्याच्या डीटीपीवाल्यांत (संगणकावर पोस्टरं रचणाऱ्यांत) एक समज पक्का बसलाय: जॅझ मनस्वी, म्हणून पोस्टरवरची अक्षरंही मनाला येईल तशी ताणायची, विखरायची.

ज्या नमुन्यांवरून हा समज पसरला, ती 1950-60च्या दशकांतली ब्लू नोट या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीची रेकॉर्ड-वेष्टनं नीट पाहा. ती रचणारा रीड माइल्स जॅझचा शौकीनच नव्हता. त्याला शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत आवडे. फ्रान्सिस वूल्फचा कृष्णधवल फोटो, एखादा रंग आणि काटेकोर बसवलेली अक्षरं, एवढंच भांडवल. ऑफसेट छपाईला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते, म्हणजे कमी रंगांत खर्चही आटोक्यात.

देवनागरीत ही ताणण्या-विखरण्याची नक्कल लगेच फसते. ‘जळगाव’च्या अक्षरांमधलं अंतर वाढवा: शिरोरेषेचे तुकडे पडतात, ‘गा’चा काना सुटून एकटाच उभा राहतो. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत तर ‘ग’चा दंडही वेगळा टाइप होतो, मग तोही पळतो. आडवं ताणलं तर उभे दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच बारीक राहते. भरीताच्या वांग्याला कडबोळ्याचे पाय!

ताल हवा तर वजनांतून, म्हणजे अक्षरांच्या कमी-जास्त जाडीतून आणा. ‘मुक्त’ फॉन्टला सात वजनं आहेत. वादकाचं नाव सर्वांत जाड, तारीख-ठिकाण सर्वांत हलकं, आकारात किमान चौपट फरक. अंतर शून्यावर ठेवा, आणि प्रेसला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करून) द्या, नाहीतर तिथल्या संगणकावर फॉन्ट नसला की वेलांट्या भलतीकडे जातात.