मुक्त सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची सर्वांना मोकळीक असते, ते कसे बसवावे, कसे वापरावे, अडल्यास काय करावे आणि त्यात भर कशी घालावी हे सांगणारे लेखन. रोजच्या बोलण्यात याला ‘डॉक्युमेंटेशन’ किंवा नुसते ‘डॉक्स’ म्हणतात. कालबाह्य पाने काढणे, पडद्याची चित्रे नव्याने घेणे आणि भाषांतर हीही याच कामाची अंगे.

युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. एकेका आज्ञेची माहिती देणारी तिच्यासारखी ‘मॅन’ पाने (‘मॅन्युअल’चे लघुरूप) आजही लिनक्स या मुक्त प्रणालीवर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, उघडतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये युनिक्ससारखी मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त प्रणालीसोबत मुक्त पुस्तिकाही हव्यात असा त्यांचा आग्रह होता आणि २००० मध्ये ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना आला. तरीही हे काम मागेच राहिले. कोड ठेवण्याच्या आणि मिळून लिहिण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुन्या झालेल्या दस्तऐवजांची अडचण नोंदवली. त्याच सर्वेक्षणात ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण दस्तऐवजांत क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही असे सांगितले.

कोकणातले एक उदाहरण घेतले की अडचण नेमकी कुठे असते ते दिसते. सागरी किनारा नियमन क्षेत्र भरतीच्या उच्चतम रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत धरतात. रत्नागिरीतला एखादा विद्यार्थी सरावासाठी हा पट्टा क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-प्रणालीत काढायला बसतो. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून किनाऱ्याची रेषा घेतो, रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणारे ‘बफर’ हे साधन उघडतो आणि ५०० हा आकडा टाकतो. रेषा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या निर्देशांक-पद्धतीत असल्यामुळे ते ५०० अंश धरले जातात. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर! नकाशाभर एकच रंग पसरतो आणि पट्टा कुठेच दिसत नाही. उपाय सोपा आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा किनारा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीच्या ‘४३ उत्तर’ या विभागात येतो. रेषा आधी त्या पद्धतीत (ईपीएसजी ३२६४३) बदलून घेतली की अंतर मीटरमध्ये मोजले जाते. एककाचा नियम संदर्भपानावर कितीही अचूक लिहिलेला असला, तरी पहिल्यांदाच पट्टा काढणारा ते पान उघडत नाही. त्याला आपल्याच किनाऱ्याचा आकडा घेतलेला, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत जाणारा पाठ हवा असतो. असा पाठ सर्वांत चांगला लिहितो तो कालच तिथे ठेचकाळलेला माणूस. प्रणाली घडवणाऱ्या जाणकाराला ती ठेच आता आठवतही नसते.

दानिएले प्रोसिदा यांच्या ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत दस्तऐवजांचे चार प्रकार आहेत : पाठ, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. आंब्याच्या बागेत हा फरक लगेच कळतो. कोयकलम शिकवताना जाणता माळी नवख्याच्या हातात रोप देतो आणि पाचर त्यालाच कापायला लावतो, तो पाठ. मोहोरावर तुडतुडे पडले, आता काय करायचे, ही कृती. कोणती जात कधी मोहोरते याचा तक्ता हा संदर्भ, तर हापूस वर्षाआड का धरतो हे स्पष्टीकरण. हे चारही एकाच पानात कोंबले की वाचणारा कंटाळतो, आणि बहुतेक प्रकल्पांत नेमके तेच झालेले असते.

मराठीत लिहिताना एक पथ्य पाळावे लागते. पडद्यावर जे नाव दिसते तेच मजकुरात हवे. प्रणालीत ‘लेयर’ असेल आणि पुस्तिकेत ‘थर’, तर वाचणारा तो ‘थर’ मेन्यूत शोधत बसतो. म्हणून भाषांतरापूर्वी शब्दांची यादी ठरवणे अत्यावश्यक आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने यातून सरळ वाट काढली : पडदा इंग्रजी राहतो, निवेदन मराठीत होते, आणि सुमारे दहा मिनिटांचा पाठ थांबवत थांबवत शिकणारा शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहतो. लेखी पानांत आणखी एक खाच आहे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द ‘ऱ’ हे अक्षर घेऊनही टंकता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला ते वेगळे वाटतात आणि पान असूनही सापडत नाही. संपूर्ण पुस्तिकेत एकच पद्धत ठेवली की हा त्रास टळतो.

किनाऱ्यावर आणखी एक गरज आहे, ती म्हणजे नेटशिवाय वाचता येण्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्ही बेभरवशाचे. त्यामुळे पुस्तिकेची पीडीएफ प्रत, किंवा नेटशिवाय पाने वाचू देणाऱ्या किविक्ससारख्या साधनात उघडणारी फाइल, आधीच उतरवून ठेवावी लागते. पाने हलकी आणि चित्रे लहान ठेवण्याचे कारणही तेच.

सुधारणा पोहोचवण्याची पद्धत कोडसारखीच असते. क्यूजीआयएसची पुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलींत, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीत असते. तिचा साठा गिटहबवर आहे, ‘स्फिंक्स’ हे साधन त्यातून पाने तयार करते, आणि भाषांतर ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर होते. चूक दिसली की आपल्या प्रतीत दुरुस्ती करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती मूळ पुस्तिकेत घेण्याची विनंती, पाठवायची. कुणीतरी तपासतो, शंका विचारतो, मग दुरुस्ती मूळ पुस्तिकेत जाते. एका आकड्याची दुरुस्तीही तिथे चालते, आणि बदलाच्या इतिहासात ती पाठवणाऱ्याचे नाव नोंदले जाते.