कथाकथनाचे शिक्षण
श्रोत्यांसमोर कथा तोंडी सांगण्याची कला आत्मसात करण्याची प्रक्रिया. लिखित कथेचे अभिवाचन यात सहसा धरत नाहीत. बहुतेक परंपरांत आरंभ जाणत्याजवळ बसून ऐकण्याने होतो. मात्र शिकणारा संहिता उचलतो की कथा रचण्याची रीत, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरी व त्यांचे सहायक आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३४–३५ मध्ये यूगोस्लाव्हियात, गुस्ले या तंतुवाद्यावर वीरगाथा गाणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले. लॉर्ड यांनी पुढे (१९६०) शिक्षणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : नुसते ऐकणे, स्वतःशी गाऊन पाहणे आणि चोखंदळ श्रोत्यांपुढे पूर्ण गाथा म्हणणे. त्यांच्या मते येथे पाठांतर नसते. दशाक्षरी ओळीत बसणारे पदबंध आणि सभा, शस्त्रसज्जता, प्रवास अशा प्रसंगांचे साचे जिभेवर रुळतात व गाथा दर वेळी नव्याने घडते. आव्दो मेजेदोविच या गायकाची कसोटी फार बोलकी आहे. दुसऱ्या गायकाकडून प्रथमच ऐकलेली २,२९४ ओळींची गाथा त्याने लगोलग म्हटली, ती ६,३१३ ओळींची झाली. वर्णनांबरोबर पात्रांच्या भावनाही त्यात खुलल्या होत्या.

हा सिद्धांत सरसकट लावता येत नाही. राजस्थानातील पाबूजी या लोकदेवतेची गाथा भोपे (तिचे पुजारी-गायक) मुख्यतः पाठ केलेल्या संहितेवरून गातात, असे जॉन स्मिथ यांना आढळले. रूथ फिनेगन (१९७७) यांनीही सोमाली काव्याचा दाखला देऊन मौखिक परंपरेत शब्दशः पाठांतर संभवते, असे प्रतिपादले. प्रकारागणिक शिक्षणपद्धती बदलते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

साधारणतः बाराव्या शतकातील आयरिश हस्तलिखितानुसार श्रेष्ठ फिलीला (कवी-कथाकाराला) २५० मुख्य व १०० दुय्यम कथा याव्या लागत. हा बहुधा आदर्श असावा. जपानी राकुगोत (एकट्या कथाकाराने बसून सांगायच्या, बहुधा विनोदी कथांच्या कलेत) गुरूने कथा तीनदा सांगावी व मग शिष्याने ती म्हणून दाखवावी, असा जुना प्रघात होता. ध्वनिमुद्रणामुळे तो सैल झाला. तोक्योच्या परंपरेत झेन्झा, फुतात्सुमे व शिनउची असे चढते दर्जे आहेत. बैठक न मोडता, मान डावी-उजवीकडे वळवून दोन पात्रे वेगळी करणे व पंखा आणि हातरुमाल यांतून इतर वस्तू भासवणे, हा तेथील पायाभूत अभ्यास.

अमेरिकेत जोन्सबरो (टेनेसी) येथे १९७३ पासून कथाकथन महोत्सव भरतो. आधुनिक कार्यशाळांत बहुधा प्रसंगांचा क्रम मनात बसवून फक्त पहिले व शेवटचे वाक्य पाठ करायला सांगतात.