कूबर पेडीच्या बोलीची पार्श्वभूमी

ॲडलेडहून स्टुअर्ट महामार्गाने उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटर गेले की मातीचे शंकूसारखे ढीग दिसू लागतात. पांढरे, फिकट गुलाबी, नजर पोचेल तिथवर, आणि प्रत्येकाजवळ जमिनीत एक गोल भोक. हे कूबर पेडी, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले, ओपल या रंग खेळणाऱ्या रत्नाच्या खाणींचे गाव. इथली इंग्रजी ऐकताना शब्द कळल्यासारखे वाटतात, पण अर्थ हातातून निसटतो. 'नूडलिंग'चा शेवयांशी काही संबंध नाही, ते ढिगांत सुटलेला ओपल शोधणे. ढिगातला टाकाऊ माल म्हणजे 'मलक'. ओपलसारखाच दिसणारा, पण रंग न खेळणारा दगड म्हणजे 'पॉच'.

यातले बहुतेक शब्द इथे जन्मलेले नाहीत, खाणकामगारांबरोबर चालत आलेले आहेत. ते कुठून आले हे पाहिले की गाव कसे वसले तेही कळते.

सर्वात जुना थर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचा. १८४५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या 'बरा' या ठिकाणी तांबे सापडल्यावर कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथे मोठ्या संख्येने येऊ लागले. 'फॉसिक', म्हणजे उकरून-चाचपून शोधणे, हा शब्द त्यांच्याच बोलीतला मानला जातो. 'मलक' हा केरकचऱ्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. बराच्या ओढ्याकाठच्या दरडीत घरे कोरून शेकडो माणसे राहत होती, १८५१च्या पुरांनी ती बिळे धुऊन नेली. जमिनीत राहण्याची ही पद्धत पुढे न्यू साउथ वेल्समधल्या व्हाइट क्लिफ्सच्या ओपल-खाणींवरही दिसते. 'पॉच' आणि 'नूडलिंग' हे शब्द त्या काळातल्या ओपल-खाणींवर रुळले.

कूबर पेडीचा शोध सोन्यामुळे लागला. १ फेब्रुवारी १९१५ रोजी, वडिलांच्या सोनेशोधक तुकडीबरोबर आलेल्या १४ वर्षांच्या विली हचिसनला इथे जमिनीवर पडलेले ओपलचे तुकडे मिळाले. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक त्यानंतर इथे आले आणि टेकडीत कोरलेल्या घराला 'डगआउट' हे खंदकातले नाव पक्के झाले. शब्द अचूक आहे. बाहेर उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आत तो साधारण २२ ते २६ अंशांवर असतो, कारण छतावरचा काही मीटरचा दगड दिवसाची उष्णता आत येऊ देत नाही. हा वालुकाश्म मऊ, तरी टेकू न देता उभा राहतो. हवेसाठी छतातून वर नळकांडे काढतात, भिंतींची धूळ झडू नये म्हणून त्यांना पारदर्शक लेप देतात.

गावाचे नाव १९२० मध्ये ठरले. ते 'कुपा-पिटी' या स्थानिक आदिवासी शब्दांवरून घेतलेले असून 'बिळातला गोरा माणूस' असा त्याचा अर्थ सांगतात. मूळ रहिवाशांच्या नजरेतून पाहिलेली ही वस्ती आहे, आणि गोऱ्यांनी तेच नाव नकाशावर घातले, हे मला फार मोलाचे वाटते.

या वाळवंटात मालवाहतूक उंटांवर चालली. १८६६ मध्ये पोर्ट ऑगस्टाला शंभराहून अधिक उंट उतरले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले गेले, त्याचेच 'घान' झाले आणि या वाळवंटातून जाणाऱ्या रेल्वेलाही तेच नाव चिकटले. उंटाला बसवताना द्यायची त्यांची 'हूश्ता' ही हाक ऑस्ट्रेलियन इंग्रजीच्या कोशात गेली.

खोदकाम आधी कुदळ, फावडे आणि रहाटाने होई. एक जण खाली, एक जण वर, मधे दोरावर बादली. उजेडाला मेणबत्ती. ती धरणारी, भिंतीत ठोकायची टोकदार लोखंडी पट्टी म्हणजे 'स्पायडर'. पुढे यंत्रे आली. आता सुमारे एक मीटर रुंदीचा ड्रिल उभे भोक पाडतो आणि ट्रकवरचा 'ब्लोअर' जाड नळीने मलक वर ओढतो. टाकी भरली की तळ उघडतो आणि माल एकाच जागी पडतो, म्हणून ढीग शंकूचे. बंद पडलेली भोके मात्र बुजवलेली नसतात. फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका, असे फलक तिथे उगाच लावलेले नाहीत.

नूडलिंग म्हणजे या ढिगांत सुटलेला ओपल शोधणे. दुसऱ्याच्या नोंदलेल्या जागेत परवानगीशिवाय हात घालायचा नाही, गावात त्यासाठी मोकळी जागा राखलेली आहे. पावसानंतर जावे: धूळ धुतली जाते आणि ओल्या दगडावर रंग उठतो. कोरड्या दिवशी पाण्याची फवारणी-बाटली जवळ ठेवावी. तुकडा ओला करून उन्हात हळूहळू फिरवायचा, ठिणगी दिसली तर ओपल, नुसता दुधट किंवा राखाडी राहिला तर पॉच. ढिगाच्या पायथ्याशी खोल उकरू नये, वरचा सैल माल घसरून अंगावर येतो. व्यावसायिक नूडलर मलक सरकत्या पट्ट्यावरून अंधाऱ्या खोलीत नेतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. तिथे ओपलबरोबर पॉचही चमकतो, त्यामुळे निवड शेवटी डोळ्यांनीच करावी लागते.