पायथनच्या पोटात पर्ल: एका भाषेतून दुसरीची स्क्रिप्ट चालवण्यामागची पार्श्वभूमी

गोव्यात नव्वदच्या दशकात संगणकावर टाइप झालेला मराठी मजकूर बहुतेक सगळा जुन्या फाँटांतला आहे. वाचनालयांच्या याद्या, देवस्थानांच्या पत्रिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, सगळंच. त्या फाइलींत खरी देवनागरी नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, फाँट काढला की हाती उरतो तो कचरा.

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या सभासदांची यादी अशीच आहे. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहून ठेवली. काम दिसतं तेवढं सरळ नाही. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी येते आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं: जुन्या फाँटात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांच्या शंभर खोडी त्या स्क्रिप्टमध्ये नीट बसल्या आहेत. आता यादीचं बाकीचं काम पायथन या दुसऱ्या भाषेत चालतं. पर्लचा तो भाग नव्याने लिहायला कुणी धजावत नाही, आणि धजावूही नये. पायथनमधून पर्लला हाक मारायची, उत्तर घ्यायचं, पुढे जायचं. ही हाक मारण्याची सोय टप्प्याटप्प्याने घडत गेली आणि तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक विचित्रपणाला जुनं कारण आहे.

सुरुवात युनिक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीपासून. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी १९७१ साली तिचं पहिलं शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, लिहिलं. त्याचं मुख्य काम दुसरे प्रोग्राम चालवणं एवढंच. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे त्यात पाइप आला: एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट. दोघांना एकमेकांची भाषा कळायची गरज नाही, मधून वाहतो तो नुसता मजकूर. १९७७ साली ऑक ही मजकुरावर काम करणारी छोटी भाषा आली, १९७९ साली स्टीफन बोर्न यांचं शेल सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडलं, आणि शेलच्या स्क्रिप्टमध्ये मधेच ऑकचा तुकडा लिहिणं ही रोजची गोष्ट झाली. ‘एका भाषेत दुसरी’ म्हणतात ते तेव्हापासूनचं. त्यासाठी वेगळं नाव शोधावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

एक अडचण होती. फाइल कोणत्या भाषेतली आहे हे हाक मारणाऱ्याला ठाऊक असावं लागे. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची यांनी ती सोडवली. फाइलच्या अगदी सुरुवातीला # आणि ! ही दोन चिन्हं, पुढे इंटरप्रिटरचा, म्हणजे ती भाषा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता. ती दोन बाइट दिसली की कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) स्वतःच योग्य इंटरप्रिटर सुरू करतो. हाक मारणाऱ्याच्या दृष्टीने मग पर्ल, पायथन आणि सी-मध्ये लिहिलेला प्रोग्राम यांत फरकच उरला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत मोठा फायदा हाच.

लॅरी वॉल यांनी १९८७च्या डिसेंबरात पर्ल आणली तेव्हा उलट्या अवतरणचिन्हांत कमांड लिहून तिचं आउटपुट घेण्याची सोय त्यांनी शेलमधून जशीच्या तशी उचलली. १९९१ साली पायथन आली. तिच्यात दुसरे प्रोग्राम चालवायला आधी ओएस-डॉट-सिस्टिम होतं, मग पोपेन, मग पोपेन-२, ३ आणि ४ अशी फौजच जमली. कोणतं कधी वापरायचं ते लक्षात ठेवणं हाच एक व्याप. शेवटी २००४ साली पायथन २.४ मध्ये सबप्रोसेस हे एकच मोड्यूल आलं आणि त्या गर्दीला शिस्त लागली.

आत घडतं काय? लिनक्स या युनिक्सच्या धाटणीच्या कार्यप्रणालीवर चालू प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची, प्रत निघते, त्या प्रतीत पर्ल भरलं जातं, आणि दोघांमध्ये तीन वाटा राहतात: इनपुट, आउटपुट आणि चुका सांगायची वेगळी वाट. काम संपल्यावर पर्ल एक आकडा मागे ठेवतं, ० म्हणजे सगळं ठीक. बस्स. पायथनची यादी, डिक्शनरी, ऑब्जेक्ट यातलं काहीही पलीकडे जात नाही. जातात ते बाइट.

आणि बाइटांना जागा लागते. लिनक्समध्ये पाइपची साठवण सहसा ६५,५३६ बाइटांची असते. पायथनने ‘पर्ल संपेपर्यंत थांबतो, मग वाचतो’ असं ठरवलं आणि मजकूर त्याहून मोठा निघाला, की पर्ल लिहायला जागा नाही म्हणून थांबतं आणि पायथन पर्ल संपत नाही म्हणून थांबतं. दोघंही बसून राहतात. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. देवनागरीत हे लवकर घडतं, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, वेलांटी आणि काना वेगळे धरून. ‘म्हापसा’ हा शब्दच २१ बाइटांचा. साधारण २१,८०० चिन्हं झाली की पाइप भरला. म्हणून एका गावची यादी झरझर पार पडते आणि सगळ्या तालुक्याची दिली की टर्मिनल गप्प होतं. आउटपुट येईल तसं वाचत राहणं हा त्यावरचा उपाय, आणि सबप्रोसेसमध्ये त्यासाठी कम्युनिकेट नावाचं फंक्शन आहे.

दुसरी जुनी खोड म्हणजे मधे बसलेलं शेल. हाक थेट पर्लला न जाता शेलमार्फत गेली तर शेल आधी ती ओळ वाचतं आणि आपल्या पद्धतीने तिचा अर्थ लावतं. आपल्याकडे हे फार लवकर उघडं पडतं. सभासदांत डिकॉस्टा, डिसोझा, डिमेलो असतात आणि रोमन लिपीत ही नावं लिहिताना डीनंतर वरचा स्वल्पविराम येतो. त्या नावाची फाइल शेलच्या हाती दिली की शेलला वाटतं अवतरणचिन्ह उघडलं. ते मिटायची वाट पाहत ओळ संपते आणि शेल तक्रार करून मोकळं होतं. ही झाली साधी गंमत. त्याच जागी कुणी मुद्दाम अर्धविराम घालून पुढे दुसरी कमांड लिहिली तर शेल तीही निमूटपणे चालवतं. म्हणूनच सबप्रोसेस मुळातच शेल टाळतं आणि शब्दांची यादी मागतं. पर्लमध्येही सिस्टिमला यादी दिली की शेल मधे येत नाही. तरी लोक एकच लांब ओळ देतात, कारण ती टर्मिनलवरून उचलून चिकटवता येते.

हे दुखणं केवढं मोठं आहे ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी जगाला कळलं. बॅश नावाच्या शेलमध्ये पर्यावरण-चलांतून (प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या नाव-किमतींच्या जोड्यांतून) फंक्शनच्या व्याख्या पाठवता येत. स्टेफान शाझला यांना आढळलं की व्याख्येच्या शेपटाला जोडलेली कमांडही बॅश आपोआप चालवतं. वेब सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवण्याच्या सीजीआय पद्धतीत ब्राउझरने पाठवलेली माहिती याच चलांत भरली जाते. त्यामुळे पर्ल किंवा पीएचपीच्या स्क्रिप्टने आत कुठेतरी बॅशला हाक मारली की दार सताड उघडं. ही चूक १९८९ पासून, पंचवीस वर्षं तिथेच पडून होती. शेलशॉक या नावाने ती ओळखली जाते.

दुसरी परंपरा वेगळा प्रोसेस न काढता एका भाषेचा इंटरप्रिटर दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटातच ठेवण्याची. बर्कलीचे जॉन ऑस्टरहाउट चिप आराखड्यांची साधनं बनवत होते आणि दर साधनाची वेगळी, तोडकीमोडकी कमांड-भाषा होती. त्या वैतागातून १९८८ साली टीसीएल ही भाषा जन्मली, मुळातच दुसऱ्यात बसण्यासाठी. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी मिनी-प्रोजेक्टसाठी पायथनच्या टीकेइंटर या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या मोड्यूलमध्ये खिडकी उघडतो तेव्हा त्याच्या पायथनच्या आत आजही टीसीएलचा इंटरप्रिटर चालू होतो. बहुतेकांना याचा पत्ता नसतो. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात तयार झालेली लुआ ही भाषा याच वाटेने गेली आणि खेळांपासून रेडिस या डेटाबेसपर्यंत पसरली. व्हिम या मजकूर-संपादकात तर पर्ल, पायथन, रुबी, टीसीएल, लुआ सगळ्यांना जागा आहे.

मग सगळ्या भाषांना एकाच छपराखाली आणायची स्वप्नं. १ एप्रिल २००१ रोजी सायमन कोझन्स यांनी थट्टा केली, की पर्ल आणि पायथन एकत्र येऊन पॅरट नावाची भाषा होणार. थट्टेचं नाव खऱ्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे अनेक भाषा एकत्र चालवायच्या प्रोग्रामला, मिळालं, २००९ साली त्याची १.० आवृत्ती निघाली, आणि मग ते हळूहळू बाजूला पडलं. जावाने २०१४ साली नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्टचं इंजिन पोटात घेतलं आणि २०२०च्या १५व्या आवृत्तीत काढून टाकलं. ज्यांनी त्यावर कामं उभी केली होती त्यांची धावपळ झाली. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेतीच्या फेरीबोटीच कामाला आल्या. पाइपचं तसंच आहे. संथ, प्रत्येक खेपेला चढ-उतार, पण बांधकाम कमी म्हणून मोडण्यासारखंही कमी.

ज्युपिटर या ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायच्या साधनाच्या वहीत एका चौकटीच्या वर टक्क्याची दोन चिन्हं आणि बॅश किंवा पर्लचं नाव लिहिलं की ती चौकट त्या भाषेत चालते. हे नवं वाटतं, पण आत तोच वेगळा प्रोसेस आणि तेच पाइप.

आपल्यासाठी शिल्लक राहिलेली डोकेदुखी विंडोजवरची आहे. पायथन ३.६ पासून काळ्या खिडकीत देवनागरी छापताना अडत नाही. तीच स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामने चालवली, म्हणजे आउटपुट पाइपमध्ये गेलं, की पायथन यंत्राच्या जुन्या कोड पेजकडे (अक्षरांच्या मर्यादित तक्त्याकडे) वळतं. त्यात देवनागरीच नसल्यामुळे पहिल्याच अक्षराला स्क्रिप्ट कोसळते. एकटी चालवली तर चालते, दुसऱ्याने बोलावली तर नाही, म्हणून माणूस तासन्‌तास हाक मारणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) धरायचं असा निर्णय २०२२ सालीच झाला आहे. जुन्या आवृत्त्यांवर मात्र पायथनयूटीएफ८ हे पर्यावरण-चल १ करून ठेवायचं, आणि तेही हाक मारणाऱ्या बाजूने.